वर्तुळातली अक्षरे

मूलद्रव्यांच्या संज्ञा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. लोखंडाला इंग्रजीत ‘आयर्न’ म्हणतात, मग त्याची संज्ञा ‘एफई’ कशी? लॅटिन ‘फेरम’वरून, असे सांगून आपण पुढे जातो. पण एके काळी लोखंडाची संज्ञा खरोखरच ‘आय’ होती. फक्त ते अक्षर एका वर्तुळात बसवलेले असे.

ही वर्तुळे जॉन डाल्टनची. विणकराचा हा मुलगा बाराव्या वर्षीच शाळेत शिकवू लागला आणि पुढे मँचेस्टरमध्ये शिकवण्या करत त्याने संशोधन केले. त्याच्या १८०३ सालच्या टिपणवहीत ही चिन्हे दिसतात. १८०८ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात २० मूलद्रव्यांचा तक्ताच आहे. रिकामे वर्तुळ म्हणजे ऑक्सिजन, मध्ये ठिपका असेल तर हायड्रोजन, उभी रेघ असेल तर नायट्रोजन आणि पूर्ण काळे केलेले वर्तुळ म्हणजे कार्बन. बहुतेक धातूंसाठी मात्र वर्तुळात इंग्रजी आद्याक्षर: तांब्याला सी, शिशाला एल, चांदीला एस, सोन्याला जी.

वर्तुळ तसे नवे नव्हते. किमयागार ठिपक्याचे वर्तुळ सूर्यासाठी आणि सोन्यासाठी काढत. १७८७ मध्ये फ्रान्समध्ये हासेनफ्राट्झ आणि आदे यांनी धातूंसाठी वर्तुळात आद्याक्षर लिहिण्याची पद्धत सुचवली होती. मग डाल्टनने नवे काय केले? पूर्वीचे चिन्ह पदार्थाचे होते, मग तो चिमूटभर असो वा पोतेभर. डाल्टनचे एक वर्तुळ म्हणजे एकच अणू, आणि त्या अणूला ठरावीक वजन. हायड्रोजनचे १ धरले तर कार्बनचे ५, ऑक्सिजनचे ७.

त्यामुळे चित्र बोलू लागले. एक काळे आणि एक रिकामे वर्तुळ म्हणजे आपला कार्बन मोनॉक्साइड. काळ्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी वर्तुळे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच कार्बनला दुसऱ्या वायूत बरोबर दुप्पट ऑक्सिजन का लागतो, हे वर्तुळे मोजली की कळते.

पण बोलके चित्र फसवूही शकते. डाल्टनचे पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकेक अणू मानायचा, असा त्याचा नियम होता. हा केवळ अंदाज होता. तराजूवरून कळत होते ते इतकेच, की १ ग्रॅम हायड्रोजनला सुमारे ७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. अचूक मापन केले तर ८. हायड्रोजनचे अणू दोन मानले की ऑक्सिजनचा अणुभार एकदम १६ होतो. गे-ल्युसॅकचे वायूंच्या आकारमानांचे प्रयोग आणि १८११ मधला अ‍ॅव्होगाड्रोचा विचार याच दिशेने जात होते. डाल्टनने मात्र गे-ल्युसॅकचे निष्कर्ष मानले नाहीत. अणुभारांचा हा घोळ १८६० च्या कार्लस्रूह परिषदेनंतरच निवळू लागला.

दरम्यान १८१३-१४ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने वर्तुळेच पुसून टाकली. लॅटिन नावांची अक्षरे त्याने घेतली. ती लिहायला आणि छापायला सोपी होती, आणि अणूच्या वजनाचा अर्थ त्यांनाही होताच. सी आता कार्बनचा झाला, एस गंधकाचा. डाल्टनला हे कधीच पटले नाही. १८३७ मधल्या एका पत्रात त्याने तक्रार केली, की ही चिन्हे शिकण्यापेक्षा विद्यार्थ्याने हिब्रू शिकलेले काय वाईट!

त्याची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. ‘एच टू ओ’ पाठ असलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे अणू येतोच असे नाही. म्हणून तर आपण आजही वर्गात रंगीत गोळ्यांची प्रतिकृती दाखवतो, आणि तिच्यातही कार्बनचा गोळा काळाच असतो. मुलांना टिकल्या देऊन डाल्टनचे पाणी आणि आजचे पाणी शेजारी शेजारी मांडायला सांगावे. मग विचारावे: दुसरी टिकली कोणत्या पुराव्यावर ठेवली? रसायनशास्त्राला या प्रश्नाचे उत्तर मिळायला पन्नास वर्षे लागली. वर्गात त्यासाठी एक तास दिला तर तो वाया जाणार नाही.