हरभऱ्याचा वाळवलेला पाला : आपल्या उन्हाळ्याची जुनी तजवीज



हरभरा महिन्याचा झाला की शेंडे खुडायचा विषय निघतो. 30 ते 40 दिवसांच्या आत, फुलं लागायच्या आधी शेंडा खुडला की फुटवे वाढतात आणि घाटे जादा धरतात, असं कृषी विभागवाले सांगतात. बरोबरच आहे. पण आपल्या आज्या-पणज्या शेंडा खुडायच्या तो भाजीसाठी. त्यातली थोडी त्या दिवशी चुलीवर जायची, बाकीची वाळवणाला. असं का, ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

सोलापूर म्हणजे रब्बीचा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा सप्टेंबरचा. काळ्या रानात ती ओल धरून मालदांडी, करडई, हरभरा यायचा. म्हणून सगळी हिरवाई डिसेंबर-जानेवारीतच. येळवशीची भज्जी अन् भोगीची भाजी याच दिवसांतली. सुगी संपली, विहिरी आटल्या की चैत्रापासून मृगापर्यंत रानात हिरवं पान नाही. ज्वारी पेवात असायची, मंगळवेढ्याची पेवं तर नावाजलेली. भाकरीची सोय होती, प्रश्न कोरड्यासाचा होता. त्याचं उत्तर म्हणजे हा पाला.

रीत साधी. दव उडाल्यावर कोवळे शेंडे खुडायचे. भाजी धुवायची नाही, कारण पानावरची आंब हीच तिची चव. ही आंब म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. रात्री पिकावर धोतर पसरून पहाटे पिळून आंब गोळा करायचे, पोटदुखीवर ठेवायचे. पाला सावलीत, वाऱ्याला पसरायचा. मुठीत धरला की कुरकुरीत मोडला पाहिजे. नरम राहिला तर बुरशी धरणार. मग मडक्यात दाबून तोंडाला फडकं बांधायचं. उन्हाळ्यात मूठभर पाला उकळून, ज्वारीच्या कण्या किंवा पीठ लावून घोटायचा, वर लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट. आमच्या गावात खुडायला आलेल्या बाया भाजी घरी न्यायच्या. त्यांची भाजी व्हायची, रानमालकाची खुडणी व्हायची. पैशाचा व्यवहार नव्हता.

मात्र वाळवण हा दुष्काळावरचा इलाज नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. एका सुगीतलं पुढच्या पावसापर्यंत न्यायचं, एवढीच त्याची ताकद. 1876 ला पाऊस गेला तेव्हा आपला भाग होरपळला. पीकच उगवलं नाही तर खुडायचं काय? 1972 लाही तेच. त्या साली दुष्काळी कामावर सुकडी वाटली, रेशनला लाल मिलो आली. सुकडी म्हणजेही कोरडं अन्नच, फक्त दुसऱ्यांनी बनवून पाठवलेलं. त्या साली खडी फोडलेली माणसं अजून आपल्यात आहेत, विचारून बघा.

पुढं 1980 ला उजनी धरण पूर्ण झालं. भिमाकाठाला ऊस आला, बारमाही पाणी आलं, बाजारात मे महिन्यातही मेथी मिळू लागली. मडकी रिकामी झाली ती अशी, आणि त्यात वाईट काही नाही. ताजं मिळत असताना वाळलेलं कोण खाईल?

पण आता विहीर-बोअर आटल्यावर तीच मेथी महाग होते, आणि दारचा हरभरा असूनही पाला खाता येत नाही. कारण घाटेअळीच्या भीतीनं आधीच फवारा झालेला असतो. वाळवताना पानातलं पाणी उडून जातं, औषध उडून जाईलच असं नाही. खुडणीला बायाही मिळत नाहीत, मग शेंडा तसाच राहतो.

म्हणून यंदा एवढं करू. घराजवळच्या चार ओळी खाण्यासाठी वेगळ्या ठेवू. तिथं फवारणी नाही, आणि शेजारच्या ओळींचा फवारा वाऱ्यानं तिकडं जाणार नाही हेही बघू. बाकी रानातही पहिल्या फवारणीच्या आधीच खुडणी उरकू. फुटवेही वाढतील, मडकंही भरेल.

तुमच्या भागात हरभऱ्याशिवाय काय वाळवतात, तेही कळवा. करडईचा पाला, अंबाडी, गवार... घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, ती आहेत तोवर.