जिल्दीची तांबूस भुकटी

मशिदीच्या जुन्या कपाटातून कातडी जिल्दीची किताब काढली की हाताला तांबूस भुकटी लागते. लगेच कुणीतरी म्हणतं, शहीद झाली, ठंडी करून टाका. मला ही घाई खटकते. अनेकदा आतला कागद शाबूत असतो; रोग फक्त कातड्याला असतो.

त्याचं मूळ झाडाच्या सालीत आहे. जिल्दी अशा का झडतात हे शोधायला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली होती. १९०१ साली तिचा अहवाल आला. सुमाक झाडाच्या पानांनी कमावलेलं कातडं टिकलेलं निघालं. सर्वांत वाईट ठरलं ‘पर्शियन’ म्हणून विकलं जाणारं बकऱ्या-मेंढ्यांचं कातडं. नाव इराणचं, माल हिंदुस्थानचा, तरवडाच्या सालीत कमावलेला. हो, तोच आपल्या माळावर पिवळा फुलणारा तरवड! अशा कातड्यात हवेतला गंधकाचा वायू मुरतो, त्याचं आम्ल होतं आणि तंतू तुटतात. गॅसच्या दिव्यांनी त्यात भरच घातली.

या भुकटीवर तेल चोळून उपयोग नाही. कातडं परत जुळत नाही, तेल मात्र पानांत उतरतं. ओलं फडकंही नको, जिल्द काळी पडते. स्वच्छ सुती जुजदानात गुंडाळून, ओल नसलेल्या कपाटात आडवी ठेवा. नवी जिल्द बांधायला दिलीत, तर जुनी टाकू देऊ नका. तिच्यावरच्या ठशांवरून ती कुठली, कधीची, याचा अंदाज जाणकाराला बांधता येतो.