गुहेतून क्वीन्सब्रिजला: एका बेसलाइनची कुळकथा

रिचर्ड मॅग्वायर हे नाव चित्रकथांच्या वाचकांना नवे नाही. एका दिवाणखान्याचा एकच कोपरा घेऊन त्याने हजारो वर्षांचा काळ दाखवला. कोपरा तोच, पण पानापानांवर साल बदलते आणि माणसे येतात, जातात. १९८९ साली 'रॉ' या नियतकालिकात ही कल्पना सहा पानांत आली, २०१४ मध्ये तिचे 'हिअर' हे पुस्तक झाले आणि २०२४ मध्ये रॉबर्ट झेमेकिसने टॉम हँक्सला घेऊन त्यावर चित्रपट केला. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण न्यूयॉर्कच्या मॉब डीप या रॅप जोडगोळीच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकाच्या तळाशी वाजणारी बेसलाइन याच माणसाच्या बोटांतून उतरली आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. मला हा धागा हाती लागला आणि मग तो सोडवेना.

आधी ते गाणे ज्यात आहे त्या 'मर्डा म्युझिक' या अल्बमबद्दल थोडक्यात. मॉब डीप म्हणजे प्रॉडिजी आणि हॅवॉक. प्रॉडिजीचे खरे नाव अल्बर्ट जॉन्सन, हॅवॉकचे केजुआन मुचिता. दोघांची गाठ मॅनहॅटनच्या हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये पडली, म्हणजे चित्रकलेच्या शाळेत. प्रॉडिजीचे आजोबा बड जॉन्सन हे नामांकित जॅझ सॅक्सोफोनवादक. हॅवॉक वाढला तो क्वीन्सब्रिज या सरकारी गृहवसाहतीत, जिथून रॅपर नासही आला. हाच नास पुढे 'गली बॉय' या मुंबईच्या रॅपपटाच्या निर्मितीशी जोडला गेला, म्हणून आपल्याकडच्या पोरांना ती वसाहत नावाने तरी माहीत असते. १९९५ च्या 'द इन्फेमस'ने या दोघांचे नाव झाले, १९९६ च्या 'हेल ऑन अर्थ'ने ते टिकवले. 'मर्डा म्युझिक' ऑगस्ट १९९९ मध्ये लाउड रेकॉर्ड्सने काढला. दुकानांत येण्याआधीच त्याच्या चोरट्या प्रती फिरत होत्या, तरी बिलबोर्डच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर उतरला आणि त्याला प्लॅटिनमचा शिक्का मिळाला. असल्या कडक, अंधाऱ्या रॅपला इतका खप ही साधी गोष्ट नव्हती. त्या खपात मोठा वाटा 'क्वायट स्टॉर्म' या गाण्याचा, ज्याच्या तळाशी ती बेसलाइन वाजते, आणि रॅपर लिल किमला घेऊन केलेल्या त्याच्या रीमिक्सचा.

आता मुळाकडे. १९८० च्या आसपास न्यूयॉर्कच्या डाउनटाउन भागात लिक्विड लिक्विड नावाचा चौघांचा वाद्यवृंद होता. मॅग्वायर बेसवर, स्कॉट हार्टली ड्रम्सवर, डेनिस यंग मरिंबावर आणि साल्वातोरे प्रिन्सिपातो गायनाला व तालवाद्यांना. सगळी इमारत ठेक्यावर आणि बेसवर उभी. त्यांच्या तबकड्या काढणारी ९९ रेकॉर्ड्स ही कंपनी म्हणजे ग्रीनिच व्हिलेजमधल्या ९९, मॅकडूगल स्ट्रीट या पत्त्यावरचे एड बालमन यांचे दुकान. १९८३ मध्ये या वृंदाची 'ऑप्टिमो' ही छोटी तबकडी निघाली आणि तिच्यात 'कॅव्हर्न' होते. कॅव्हर्न म्हणजे गुहा, आणि गाणेही तसेच: बेस गोल गोल फिरत राहतो, बाकीची वाद्ये भिंतींवर आपटून परत येतात.

त्याच वर्षी न्यू जर्सीच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने 'व्हाइट लाइन्स' हे कोकेनविरोधी गाणे बाजारात आणले. तबकडीवर नाव असे छापले होते की ग्राहकाला ते डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशचे वाटावे. प्रत्यक्षात फ्लॅश तोवर कंपनी सोडून गेला होता आणि गाणारा होता रॅपर मेली मेल. ब्रिटनमध्ये हे गाणे सातव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याची बेसलाइन 'कॅव्हर्न'चीच. शुगर हिलची ही जुनी रीत होती. १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये त्यांनी शीक या वृंदाच्या 'गुड टाइम्स'चा बेस असाच उचलला होता आणि नाईल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनी भांडून आपली नावे त्यावर चढवून घेतली होती.

इथे एक प्रतिपक्ष उभा राहतो आणि त्याला डावलून चालणार नाही. हा पक्ष म्हणतो की फंक संगीतात बेसच्या अशा फिरत्या वेलांट्या शेकड्याने सापडतात, दोन माणसांना एकच सुचू शकते, त्यात चोरी कसली? हा युक्तिवाद एकट्या बेसपुरता कदाचित टिकला असता. पण 'कॅव्हर्न'मध्ये प्रिन्सिपातो 'फिनॉमेनन' हा शब्द एका विशिष्ट झोकात टाकतो, आणि 'व्हाइट लाइन्स'मध्ये तोच शब्द जवळपास त्याच झोकात येतो. बेस योगायोगाने जुळेल. बेस आणि त्यावर बसलेला असा आडवळणी शब्द दोन्ही योगायोगाने जुळत नाहीत. मूळ तबकडी ऐकल्याशिवाय हे घडणे नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रतिपक्ष अधिक बारीक आहे. तो म्हणतो, 'व्हाइट लाइन्स'मध्ये मॅग्वायर वाजतच नाही, वाजतो तो शुगर हिलच्या घरच्या वृंदातला बेसवादक डग विम्बिश. हे खरे आहे. तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून वाजवणारी सॅम्पलर यंत्रे सर्रास नव्हती, म्हणून ऐकलेली चाल स्टुडिओत पुन्हा वाजवून घेत. अमेरिकन कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि रचनेचा वेगळा. विम्बिशने वाजवल्यामुळे ध्वनिमुद्रण शुगर हिलचे झाले, रचना मात्र त्यांची झाली नाही. ९९ रेकॉर्ड्स कोर्टात गेली आणि जिंकली. पण शुगर हिलने दिवाळे जाहीर केले, निकालाचे पैसे हाती पडले नाहीत आणि त्या ओढाताणीत ९९ रेकॉर्ड्सही बंद पडली. याच कंपनीच्या ईएसजी या बहिणींच्या वृंदाचे संगीतही रॅपवाल्यांनी भरमसाट उचलले. १९९२ मध्ये या बहिणींनी काढलेल्या तबकडीच्या नावाचा अर्थच असा होता की सॅम्पलच्या श्रेयाने आमची बिले भागत नाहीत.

आपल्या नाट्यसंगीताने उसन्या चालीच्या श्रेयाचा हा प्रश्न फार आधी, आणि फार सभ्यपणे सोडवला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असे. चाल लावणीची असो, कानडी पदाची असो की एखाद्या भजनाची, उसनवारी उघड होती आणि तिची कुणाला लाज नव्हती. 'व्हाइट लाइन्स'च्या वेष्टनावर 'चाल: कॅव्हर्न' एवढे दोन शब्द छापले असते तर दोन कंपन्या कोर्टाची पायरी चढल्याच नसत्या.

मग १९९९ मध्ये 'क्वायट स्टॉर्म'चे संगीत करणाऱ्या हॅवॉकने ही चाल कुठून उचलली? एक तर्क असा की त्याला 'कॅव्हर्न' थेट मिळाले असेल, कारण १९९७ मध्येच बीस्टी बॉइजच्या ग्रँड रॉयल कंपनीने लिक्विड लिक्विडचे जुने संगीत नव्याने काढले होते. मला हा तर्क पटत नाही. 'क्वायट स्टॉर्म'च्या श्रेयात नाव येते ते 'व्हाइट लाइन्स'चे. शिवाय ते गाणे त्या वर्षांत हवेतच होते. १९९५ मध्ये ड्युरन ड्युरनने ते पुन्हा गायले, १९९७ मध्ये क्वीन्सच्याच एलएल कूल जेने 'फिनॉमेनन' नावाचे गाणे काढून त्यातला तो शब्द उचलला. क्वीन्सच्या पोराला गुहेपर्यंत जायची गरजच नव्हती, त्याच्या दारातच ही चाल उभी होती. तेव्हा माझा निष्कर्ष असा: नाद विम्बिशचा, चाल मॅग्वायरची. या कुळात दोघेही पूर्वज आहेत, पण मूळपुरुष एकच.

हॅवॉकने या चालीचे काय केले हे मात्र ऐकण्यासारखे आहे. त्याने ती मंद केली आणि तिच्याभोवतीचे सगळे सामान बाहेर काढले. नाचायला बोलावणारी तीच वळणे आता पाठलाग करणाऱ्याच्या पावलांसारखी वाजतात. वर प्रॉडिजीचा सपाट, न चढणारा आवाज. त्याला जन्मापासून सिकल सेलचा आजार होता आणि शरीराची ठणक त्याच्या लेखनात वारंवार येते. २०१७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी तो गेला. गाण्याचे नावही उसनेच असावे असा माझा कयास आहे. १९७५ च्या स्मोकी रॉबिन्सनच्या अल्बमवरून 'क्वायट स्टॉर्म' हा रात्रीच्या मऊ, प्रेमळ गाण्यांचा रेडिओप्रकार रूढ झाला. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएचयूआर केंद्रावर मेल्विन लिंडसीने त्याची सुरुवात केली आणि पुढे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएसवर व्हॉन हार्परने तो घरोघर नेला. त्या शहरात वाढलेल्या मुलांनी हे शब्द रोज रात्री ऐकले नसतील हे संभवत नाही. हळव्या कार्यक्रमाचे नाव घेऊन त्याखाली धमकी वाजवणे, हा खोडसाळपणा मॉब डीपला शोभतो.

आता माझा लाडका सिद्धान्त. ही बेसलाइन तीन घरांत नांदली याचे कारण ती चित्रकाराने रचली आहे. मॅग्वायरने 'हिअर'मध्ये कोपरा रिकामा ठेवला आणि काळाला आत येऊ दिले. 'कॅव्हर्न'मध्येही त्याने चौकट आखली, चित्र भरले नाही. मेली मेलने त्या चौकटीत उपदेश बसवला, प्रॉडिजीने भीती. भरगच्च चाल असती तर तिसऱ्याला जागाच उरली नसती. संगीताचे जाणकार याला योगायोग म्हणतील. मी म्हणणार नाही.

वाचकांना एवढेच सांगणे: 'कॅव्हर्न', 'व्हाइट लाइन्स' आणि 'क्वायट स्टॉर्म' याच क्रमाने, एका बैठकीत ऐका आणि फक्त बेसकडे कान ठेवा. आणि 'मर्डा म्युझिक'च्या यशाचे श्रेय वाटायला बसाल तेव्हा हॅवॉक आणि प्रॉडिजीनंतर तिसरे नाव रिचर्ड मॅग्वायरचे घ्या.