मशीन बंद झालं, मी पास की नापास? नर्सिंगच्या परीक्षेची १२० वर्षांची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा लोकलमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना येणारे 'अं', 'म्हणजे कसं आहे ना' जमेल तेवढे काढलेत. बाकी गप्पा तशाच आहेत.

आज विषय आहे एका परीक्षेचा. कल्पना करा, एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलीये. पंच्याऐंशीवा प्रश्न सोडवते आणि स्क्रीन म्हणते, परीक्षा संपली. शेजारच्याचे प्रश्न अजून चालूच आहेत. हिला कळत नाही की आपण इतक्या हुशार निघालो की मशीनने आधीच पास केलं, का इतक्या वाईट की मशीनने आशाच सोडली. दोन्ही शक्य आहे! ही परीक्षा म्हणजे एनक्लेक्स. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं असेल तर ही द्यावीच लागते. २०१५ पासून कॅनडातल्या बहुतेक प्रांतांतही हीच आहे. आपल्याकडच्या कित्येक सिस्टर नोकरी सांभाळून तिचा अभ्यास करतात, आणि परीक्षा द्यायला मुंबईतही सेंटर आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. टेस्टिंग हा आमचा रोजचा धंदा. त्यामुळे मला या परीक्षेत एक प्रश्न फार इंटरेस्टिंग वाटतो. ज्ञान मोजता येतं, ठीक आहे. पण रात्री तीन वाजता, वॉर्डमध्ये एकटी असताना, एखादी नर्स योग्य निर्णय घेईल का, हे खुर्चीत बसवून कसं मोजायचं? या प्रश्नावरचं भांडण एनक्लेक्सच्याही खूप आधीचं आहे.

नाइटिंगेलबाईंचा विरोध

सुरुवात इंग्लंडमधून. १८८७ साली एथेल बेडफर्ड फेनविक यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. मागणी सरळ होती: डॉक्टरांचं रजिस्टर असतं तसं नर्सचंही हवं. कोणीही उठून 'मी नर्स' म्हणू नये.

याला विरोध कोणी केला असेल? फ्लॉरेन्स नाइटिंगेल! आधुनिक नर्सिंगच्या आईनेच नाही म्हटलं. त्यांचा मुद्दा असा की चांगली नर्स घडते ती स्वभावातून, शिस्तीतून, रुग्णाकडे बघण्याच्या नजरेतून. या गोष्टी पेपरात कशा तपासणार? आणि एकदा रजिस्टरमध्ये नाव लागलं की लोक समजणार ही कायमची चांगली.

फेनविकबाईंचं उत्तर व्यवहारी होतं. परीक्षा अपुरी असेल, पण काहीच चाळणी नसेल तर मार रुग्णालाच बसतो. हा वाद तीस वर्षं चालला. १९१० मध्ये नाइटिंगेलबाई गेल्या, १९१९ मध्ये ब्रिटनचा कायदा झाला आणि रजिस्टरवर पहिलं नाव लागलं फेनविक यांचं. गंमत म्हणजे तोवर न्यूझीलंडने बाजी मारली होती. तिथला कायदा १९०१ चा, आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डॉहर्टी या जगातल्या पहिल्या नोंदणीकृत नर्स ठरल्या.

फेनविक जिंकल्या, पण नाइटिंगेलबाईंचा आक्षेप कोणी खोडून काढला नाही. तो फक्त बाजूला ठेवला गेला. पुढची सगळी गोष्ट त्या आक्षेपाला उत्तर शोधण्याची आहे.

राज्य तितके पेपर

अमेरिकेत पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात झाला. मेरी लुईस वाइच या नर्सने त्यासाठी जंग जंग पछाडलं. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियाही आले. पण हे कायदे तसे मवाळ होते. नोंदणी नसली तरी काम करता यायचं, फक्त नावापुढे 'आर. एन.' लावता यायचं नाही. नोंदणीशिवाय कामच करता येणार नाही, असा पहिला कायदा न्यूयॉर्कने थेट १९३८ मध्ये केला.

परीक्षा प्रत्येक राज्याची वेगळी. निबंधासारखी उत्तरं लिहायची, कुठे कुठे प्रात्यक्षिकही. तपासणार हाताने. एकाच उत्तराला एक परीक्षक आठ देणार, दुसरा पाच. आपल्या युनिव्हर्सिटीचं रीचेकिंग आठवलं ना? अगदी तसंच.

आणि परीक्षा म्हणजे नुसती चाळणी नसते, ती दार बंद करायलाही वापरता येते. जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय नर्सना राज्याच्या परीक्षेलाच बसू देत नव्हते. ल्युडी अँड्र्यूज या नर्सने त्याविरुद्ध सुमारे दहा वर्षं लढा दिला, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते दार उघडलं. 'मेरिट' हा शब्द ऐकला की मला हे प्रकरण आठवतं. पेपर कितीही चांगला काढा, पेपरला कोणाला बसू देता हा प्रश्न त्याच्या आधी येतो.

युद्धाने पेपर बदलला

दुसरं महायुद्ध आलं. सैन्याला नर्स हव्या, देशातल्या हॉस्पिटलांनाही हव्या. १९४३ मध्ये अमेरिकन सरकारने कॅडेट नर्स कोअर काढलं. शिक्षण फुकट, वर थोडा भत्ता. त्यातून सुमारे १,२४,००० नर्स तयार झाल्या. आता विचार करा, एवढ्यांचे निबंध हाताने कोण तपासणार?

मग १९४४ मध्ये आली स्टेट बोर्ड टेस्ट पूल एक्झामिनेशन. सगळ्या राज्यांनी प्रश्न एकत्र करायचे, त्यातून एकच पेपर काढायचा, उत्तरं पर्यायातून निवडायची आणि तपासणार मशीन. १९५० पर्यंत सगळी राज्यं यात आली. पुढे पेपर पाच विषयांत स्थिरावला: मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार.

फायदा मोठा झाला. परीक्षकाचा मूड, हस्ताक्षर, राज्य, सगळं बाजूला. सगळ्यांना एकच फूटपट्टी. पण किंमतही मोजली. मशीनला जे तपासता येतं तेच विचारायची सवय लागली. 'मोठ्या माणसाचा श्वासाचा सामान्य वेग किती?' उत्तर, मिनिटाला १२ ते २०. याचं उत्तर पाठ करता येतं. पण श्वास २८ वर गेलाय हे लक्षात येणं, आणि त्याचा अर्थ लागणं, हे पाठ करता येत नाही.

एनक्लेक्स आली, मग कॉम्प्युटर आला

१९७८ मध्ये राज्यांच्या बोर्डांनी मिळून स्वतःची राष्ट्रीय संस्था काढली, नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग. १९८२ मध्ये तिने जुनी परीक्षा बदलून एनक्लेक्स आणली. पाच विषयांचे पाच कप्पे गेले. कारण साधं आहे, खरा रुग्ण कप्प्यात येत नाही. गरोदर बाईला मधुमेह असू शकतो आणि नैराश्यही.

पण परीक्षा कागदावरच होती. वर्षातून दोनदा, सलग दोन दिवस. निकालाची वाट बघत बसायचं.

एप्रिल १९९४ मध्ये मोठी उडी. एनक्लेक्स कॉम्प्युटरवर आली, आणि तीही ॲडॅप्टिव्ह. आमच्या इंजिनिअर मंडळींना हे लगेच कळेल, थोडंफार बायनरी सर्चसारखं आहे. प्रश्न बरोबर आला की पुढचा अवघड, चुकला की सोपा. मागचं गणित डेन्मार्कच्या गेऑर्ग राश यांच्या मॉडेलवर उभं आहे, ते १९६० मध्ये पुस्तकरूपात आलं. कल्पना अशी: प्रश्नाची काठिण्यपातळी आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मांडायची. दोन्ही सारखी असली की उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के.

यातून एक मजेदार आणि क्रूर गोष्ट होते. मशीन तुम्हाला सतत तुमच्या पातळीचे प्रश्न शोधून देतं. म्हणजे हुशार असो वा कच्ची, दोघींचे साधारण निम्मे प्रश्न चुकतात! टॉपर पोरगीसुद्धा बाहेर येऊन रडते, 'माझं गेलं.' फरक इतकाच की तिचे चुकलेले प्रश्न डोंगराच्या वरच्या टोकाचे असतात.

आणि स्क्रीन मध्येच का बंद होते? ही व्यक्ती पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की ते थांबतं. १९९४ मध्ये कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त २६५ प्रश्न होते. आता ८५ ते १५०. त्यामुळे लवकर बंद होण्याचा अर्थ एवढाच, की निकाल स्पष्ट आहे. कुठल्या बाजूने, ते नाही. 'लवकर बंद म्हणजे पास' असं सांगणाऱ्या यूट्यूब काकांवर विश्वास ठेवू नका.

तरी मूळ प्रश्न तिथेच

फूटपट्टी भारी झाली. पण ती मोजतेय काय? इकडे संशोधक वेगळीच गोष्ट सांगत होते. १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' लिहून दाखवलं की अनुभवी नर्सचं ज्ञान नियमांच्या यादीसारखं नसतं. २००५ मध्ये डोरोथी डेल ब्युएनो यांनी मांडलं की त्यांनी तपासलेल्या नव्या नर्सपैकी फक्त ३५ टक्केच क्लिनिकल जजमेंटच्या अपेक्षेला उतरतात. लक्षात घ्या, लायसन्स हातात असलेल्या पोरींबद्दल हे बोलणं चाललंय! २००६ मध्ये क्रिस्टीन टॅनर यांनी नर्स विचार कसा करते ते चार पायऱ्यांत मांडलं: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून बघणं.

आता एक प्रश्न तुम्हीच सोडवा. मी बनवलाय, पण धाटणी तीच. सकाळची ड्युटी, चार पेशंट. एक, हर्नियाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले काका, दुखतंय म्हणून ओरडतायत. दोन, मधुमेही आजी, नाश्त्याआधीची साखर १९०. तीन, डिस्चार्जच्या कागदांसाठी भांडणारे नातेवाईक. चार, खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या बाई, काल शांत होत्या, आज अचानक अस्वस्थ, श्वास २८. आधी कोणाकडे जाल?

आवाजाच्या मागे गेलात तर काकांकडे जाल. पण धोका चौथ्या खाटेवर आहे. अशा ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, आणि अचानक दम लागणं, बेचैनी ही त्याची खूण असते. त्या बाई ओरडत नाहीयेत म्हणूनच त्या राहून जातात. रुग्ण बिघडत होता, खुणा दिसत होत्या, पण वेळेत कोणी ओळखल्या नाहीत, याला 'फेल्युअर टू रेस्क्यू' म्हणतात. त्याची किंमत माणसाच्या जिवात मोजली जाते.

म्हणून बऱ्याच वर्षांच्या तयारीनंतर १ एप्रिल २०२३ ला नवी एनक्लेक्स आली, नेक्स्ट जनरेशन. त्यात तीन केस स्टडी, प्रत्येकीत सहा प्रश्न. एकच रुग्ण, त्याचे कागद, नर्सच्या नोंदी, रिपोर्ट, आणि माहिती हळूहळू उलगडत जाते. सहा प्रश्न म्हणजे विचाराच्या सहा पायऱ्या. आपल्या चौथ्या खाटेवर लावून बघा: कोणत्या खुणा महत्त्वाच्या? त्या एकत्र काय सांगतात? सगळ्यात आधी कोणती शंका? काय काय करता येईल? नेमकं काय कराल? आणि केल्यावर फरक पडला का, हे कसं ओळखाल?

गुण देण्याची पद्धतही बदलली. पूर्वी 'लागू असतील ते सर्व निवडा' यात एक चुकलं की शून्य. आता अर्धवट बरोबरलाही गुण आहेत. पण काही प्रश्नांत चुकीचा पर्याय निवडला की वजा होतो. म्हणजे सगळ्याच चौकटींवर टिक मारून सुटका नाही. वॉर्डमध्येही नसतेच.

मग जमलं का?

आकडे बघा. अमेरिकेत शिकून पहिल्यांदाच बसलेल्यांपैकी २०२२ मध्ये सुमारे ८० टक्के पास झाल्या, २०२३ मध्ये ८८ टक्क्यांच्या वर. पण पासचा आकडा वाढला म्हणजे रुग्ण जास्त सुरक्षित झाला, असं आपोआप सिद्ध होत नाही. आमच्याकडे सगळ्या टेस्ट हिरव्या दाखवतात आणि प्रोडक्शनमध्ये ॲप कोसळतं, तसंच आहे हे.

अशा परीक्षेत चूक दोन प्रकारची होते. तयार नसलेली पास झाली, तर किंमत रुग्ण देतो. तयार असलेली नापास झाली, तर किंमत ती देते, तिचं घर देतं, आणि जिथे नर्स कमी आहेत तो वॉर्डही देतो. बाहेरच्या देशांत शिकलेल्यांचं पास होण्याचं प्रमाण अमेरिकेत शिकलेल्यांपेक्षा बरंच कमी असतं. त्यात ज्ञान किती कमी पडलं आणि तिथली भाषा, तिथली वॉर्डची पद्धत किती आड आली, हे निकालाच्या एका शब्दातून कळत नाही. दहा वर्षं आयसीयू सांभाळलेली आपली सिस्टर चौथी खाट डोळे मिटून ओळखेल. पण तिला ते इंग्रजीत, कॉम्प्युटरवर, घड्याळ लावून ओळखायचं असतं.

आपल्याकडे बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम पास झालं की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. कोर्सची परीक्षा वेगळी आणि लायसन्सची वेगळी, अशी दुहेरी चाळणी आपल्याकडे रूढ नाही. ती असावी का, हा वाद घालताना ही १२० वर्षांची गोष्ट माहीत असलेली बरी.

माझं मत विचाराल तर फेनविकबाईंचं बरोबर होतं, चाळणी हवीच. पण नाइटिंगेलबाईंचं वाक्य कोणीतरी प्रत्येक पेपर काढणाऱ्याच्या टेबलावर ठेवायला हवं. २०२३ ची परीक्षा १९४४ च्या परीक्षेपेक्षा चांगली झाली, ती त्यांचा आक्षेप खरा मानल्यामुळेच.

तुमच्या घरात, ओळखीत कोणी सिस्टर, ब्रदर असतील तर त्यांना तो चार खाटांचा प्रश्न विचारा, आणि त्यांना चौथ्या खाटेबद्दल पहिली शंका कशावरून आली तेही विचारा. उत्तरं व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि जी मंडळी सध्या अभ्यासाला बसलीयेत त्यांना एकच सांगणं: निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटले तर घाबरू नका, ते मशीन सगळ्यांना तसंच वाटायला लावतं.

चला, भेटू. काळजी घ्या!