ग्रंथपालांच्या स्कूलमध्ये अर्थतज्ज्ञ

तर मंडळी, साल १९९५. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या जुन्या स्कूलच्या जागी माहितीशास्त्राचं नवं स्कूल उभं राहत होतं. पहिले डीन कोण? हॅल व्हॅरिअन, सूक्ष्म अर्थशास्त्राचं गाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिणारे! (आमच्या बीटेकला हा विषय म्हणजे पास होण्यापुरता.)

विचित्र वाटतं ना? पण बघा, माहितीची पहिली प्रत बनवायला प्रचंड खर्च, पुढची जवळपास फुकट. मग किंमत खर्चावरून नाही, घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. म्हणूनच एकच जर्नल व्यक्तीला स्वस्त आणि ग्रंथालयाला कितीतरी महाग. हे न कळणारा ग्रंथपाल वाटाघाटीला बसला, की प्रकाशक म्हणेल तो दर! २००२ मध्ये व्हॅरिअन गूगलकडे वळले, जाहिरातींच्या लिलावाचं गणित तपासायला.