राखेचा हिशेब अजून बाकी आहे

आजचा भाग सुरू करण्याआधी हातातल्या फोनकडे एकदा बघा. तो चार्ज झाला, ती वीज आली कुठून? महाराष्ट्रात असाल, तर बरीचशी कोळशातून. वीज वापरून संपली. पण कोळशाची राख? ती कुठे गेली? आज तिचीच गोष्ट, नागपूरजवळच्या कोराडीची.

कोराडी म्हटलं की अनेकांना जगदंबेचं देऊळ आठवतं. त्याच कोराडीत १९७४ साली औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९८९ मध्ये शेजारी खापरखेडा केंद्र आलं. खाणी जवळ, पाणी जवळ, म्हणून जागा सोयीची. अडचण एकच होती. आपल्या कोळशात राख फार, साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख मागे उरणार. ती पाण्यात कालवायची, पाइपने न्यायची आणि मोठ्या बंधाऱ्यामागे सोडून द्यायची, ही तेव्हाची रीत.

आता यात मातीचं काय बिघडतं? कोळशात आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, क्रोमियम अगदी किंचित असतात. पण कोळसा जळतो, धातू जळत नाहीत. बासुंदीचं बघा ना. दूध आटत जातं, साखर तेवढीच राहते, म्हणून गोडी वाढते. तसंच शंभर किलोतले धातू चाळीस किलो राखेत गोळा होतात. पारा मात्र वेगळा. तो बराचसा वाफ होऊन धुराड्यातून निघून जातो आणि नंतर कुठेतरी खाली उतरतो. बंधाऱ्याच्या तळाला अस्तर नसेल, तर पाण्याबरोबर काही धातू जमिनीत झिरपतात. शिसं बहुधा मातीच्या वरच्या थरालाच चिकटून बसतं. आर्सेनिक विरघळून विहिरीपर्यंत पोचू शकतं. कॅडमियम पालेभाज्या सहज शोषून घेतात. आणि ही काही पालापाचोळ्यासारखी कुजून जाणारी घाण नाही. धातू कुजत नाहीत.

सरकारला हे कळलं नव्हतं का? कळलं होतं. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्राने राखेबद्दल अधिसूचना काढली. गंमत म्हणजे तिचा एक हेतू मातीच वाचवणं हा होता. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी विटांत किमान २५ टक्के राख मिसळायची, म्हणजे शेतातली सुपीक माती कमी खणली जाईल. जुन्या वीज केंद्रांनी १५ वर्षांत सगळी राख वापरात आणायची. म्हणजे २०१४ पर्यंत. पण ती मुदत पुढे सरकली. मग २०१७ अखेरची तारीख आली. मग ३१ डिसेंबर २०२१ ला पुन्हा नवी अधिसूचना. यावेळी साठलेल्या जुन्या राखेसाठी दहा वर्षं दिली गेली.

इकडे २०२१ मध्येच मंथन अध्ययन केंद्र आणि इतर संस्थांनी कोराडी-खापरखेडा परिसराचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथल्या पाण्याच्या नमुन्यांत पारा आणि आर्सेनिक मर्यादेबाहेर सापडले होते. वर्षही उलटलं नाही. जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखाडी चिखल शेतांत शिरला, नाल्यांतून नदीकडे गेला. पेरणी झालेल्या शेतावर अशी राख बसली, की ते पीक तर जातंच. पण राखेबरोबर मातीत काय उतरलं, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी माती तपासावी लागते, आणि एकदा तपासून भागत नाही.

कोराडीचे सत्तरच्या दशकातले पहिले संच केव्हाच बंद झालेत. त्यांची वीज वापरून झाली, बिलंही भरून झाली. कागदावर मुदतवाढ मिळते हो, मातीला कोण देणार? जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा असतो. त्या जमिनीतल्या शिशाच्या आणि आर्सेनिकच्या नोंदीला मात्र त्यात रकानाच नाही.

तुमच्या गावाजवळ राखेचा बंधारा आहे का? असेल तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!