फुकटचं लाकूड, खाणी आणि सरकार

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सोन्या-चांदीच्या खाणींबद्दल बोललो. आज त्या खाणींना लागणाऱ्या लाकडाकडे वळू. ही खाणीची झाडं बहुतेक सरकारी जमिनीवर उभी होती. ती कुणी, किती आणि कुठल्या अटीवर तोडायची, हा आजचा प्रश्न.

आधी खाणीला एवढं लाकूड का लागायचं ते बघू. नेवाडात १८५९ साली कॉमस्टॉकचा चांदीचा साठा उघडकीला आला. तिथलं खनिज रुंद आणि ठिसूळ होतं. साधे टेकू लावून छत थांबेना, माणसं गाडली जाण्याची भीती. १८६० मध्ये फिलिप डाइडशायमर या जर्मन अभियंत्याने जाड तुळयांच्या चौकोनी चौकटी एकावर एक रचायची पद्धत काढली. खनिज काढत जायचं आणि रिकाम्या जागेत चौकटी उभ्या करत जायच्या. छत सावरलं, पण आता खाणीच्या पोटात अख्खं जंगल जाऊ लागलं. टाहो सरोवराभोवतीचे डोंगर यातच उघडे पडले. वरून तोडलेलं लाकूड पाण्याने भरलेल्या लाकडी पन्हळींतून खाली सोडलं जायचं.

कायदा काय म्हणत होता? १८३१ पासून सरकारी जमिनीवरचं झाड तोडणं हा गुन्हाच होता. पण पश्चिमेत विकत घ्यायला दुसरं लाकूडच नव्हतं, त्यामुळे सगळेच गुन्हेगार. मग ३ जून १८७८ ला संसदेने कायदा केला: कोलोरॅडो, नेवाडा, डकोटा अशा खनिज प्रदेशांतल्या रहिवाशांनी खनिज जमिनीवरचं लाकूड घर, शेती, खाणकाम अशा गरजांसाठी फुकट तोडावं. नियम करायचा अधिकार अंतर्गत खात्याच्या मंत्र्याकडे.

तेव्हाचा मंत्री कार्ल शुर्झ या कायद्याच्या विरोधात होता. जंगलं झपाट्याने संपतील, हा त्याचा इशारा. आता बघा, कायदा लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं? कुदळ-फावडं घेऊन आलेला एकटा खाणवाला. फायदा मात्र मोठ्या कंपन्यांनाही तेवढाच खुला होता. पुढे खात्याने नियम केला की फुकटचं लाकूड धातू गाळायच्या भट्टीत जाळता येणार नाही. ॲरिझोनातल्या युनायटेड व्हर्डे कॉपर कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०५ मध्ये कंपनी जिंकली. भट्टीचं काम हेही खाणकामाच्या गरजेतच येतं, मंत्र्याला कायद्याने दिलेला हक्क नियमाने काढून घेता येत नाही, असा निकाल लागला.

दरम्यान दुसरी वाट निघाली होती. १८९१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना वनं राखीव करता येऊ लागली. २२ फेब्रुवारी १८९७ ला क्लीव्हलंडने एकदम १३ राखीव वनं जाहीर केली, सुमारे २ कोटी १० लाख एकर. त्यात दक्षिण डकोटातले ब्लॅक हिल्सही होते. खाणवाले खवळले. त्याच वर्षी ४ जूनला तोडगा निघाला: राखीव वनातली पक्व झाडं खुणा करून, किंमत ठरवून विकता येतील.

याखालची पहिली विक्री ब्लॅक हिल्समध्येच झाली. गिऱ्हाईक होती होमस्टेक ही सोन्याची बडी खाण. १८९९ चा हा व्यवहार ‘केस नंबर १’ म्हणून ओळखला जातो. सुमारे दीड कोटी बोर्ड फूट लाकूड, दर हजार बोर्ड फुटाला १ डॉलर. (१ फूट लांब, १ फूट रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे १ बोर्ड फूट.) अटी साध्या होत्या: ८ इंचांहून कमी व्यासाचं झाड तोडायचं नाही, बी पडावं म्हणून एकरी किमान २ मोठी झाडं ठेवायची, फांद्यांचे ढीग रचायचे. दर किरकोळच. पण किंमत लावायची तर झाड मोजावं लागतं, मोजायचं तर कुणीतरी जंगलात जाऊन उभं राहावं लागतं. फुकटच्या कायद्यात नेमकं हेच नव्हतं. आमच्या मते अमेरिकेतलं वनव्यवस्थापन इथून हातापायाने काम करू लागलं.

इथे थांबलो तर मात्र गोष्ट अर्धीच राहील. ब्लॅक हिल्स ‘सरकारी’ झाले कसे? १८६८ च्या करारात ते लाकोटा लोकांचे होते. १८७४ मध्ये कस्टरच्या मोहिमेने सोनं असल्याची बातमी आणली आणि १८७७ मध्ये संसदेने डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, १० कोटी डॉलरहून जास्त. लाकोटांनी ती घेतली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. केस नंबर १ च्या चोख हिशेबात या मालकांचा रकानाच नव्हता.

आपल्याकडचं १८७८ आठवा. त्याच वर्षी ब्रिटिशांचा भारतीय वन कायदा आला. तिकडे खाणवाल्यांना जंगल मोकळं झालं, इकडे गावकऱ्यांना बंद. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते याच बंदीमुळे. दोन्हीकडे कागदावर जमीन सरकारची. म्हणून वनाचा कुठलाही कायदा वाचताना आपण दोन प्रश्न विचारू या: झाड मोजलं का, आणि मोजणाऱ्याच्या हातात ती जमीन आली कुठून?

आज इथेच थांबू.